टॉवेलखालचं वजन

मी बरा झालो त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, आई-बाबांचा आहे, पेग नावाच्या एका नर्सचाही आहे. पण सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते मिस्टर डॅबनी यांचं. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची इक्विपमेंट रूम ते सांभाळत. म्हणजे हेल्मेट, खांद्यांचे पॅड, बूट, नाड्या, आणि शंभर मुलांचे रोजचे घामट कपडे. ते डॉक्टर नव्हते, कोच नव्हते. माझ्या आजाराची पहिली खबर मात्र त्यांच्याच बोटांना लागली.

त्यांना मी एक वाक्य बोललो होतो. ते मागे घ्यायला मला पावणेदोन वर्षं लागली. आजारपणाबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं तर ते वाक्यही लिहावं लागेल.

*

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तोपर्यंत कऱ्हाडजवळच्या एका छोट्या गावातल्या शाळेत शिकलो. बाबा टर्नर. मामाच्या ओळखीनं त्यांना मिशिगनमध्ये, नोव्हायजवळ, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम मिळालं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

मी वाढत गेलो. सहा फूट चार इंच. आई म्हणायची, "अरे, आता थांब. आपल्याकडे एवढी पांघरुणं नाहीत." हायस्कूलच्या कोचनं मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हातात फॉर्म ठेवला. चार वर्षांनी त्याच खेळाच्या जोरावर एका विद्यापीठानं माझी फी, राहणं आणि जेवण उचललं. ॲन आर्बरपासून पाऊण तासावरचं, मक्याच्या शेतांमधलं गाव होतं ते. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेतलं. खेळणं थांबलं तर शिकणं थांबेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मी टाइट एंड होतो. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. रांगेच्या टोकाला उभं राहायचं. बहुतेक वेळा समोरच्या अडीचशे पौंडी माणसाला अंगानं अडवून आपल्या चेंडूवाल्याला वाट करून द्यायची. कधीतरी, दहातल्या एखाद्या वेळी, स्वतः पळून चेंडू झेलायचा. धिप्पाड असून हात मऊ हवेत. दोन सीझनमध्ये मी अकरा झेल घेतले. टीव्हीवर एकदा माझा पाय दिसला होता. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून तो पाय दाखवला.

गणपतीला आम्ही मराठी कुटुंबं एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. तिथे जोशीकाकांनी विचारलं, "काय करतोस हल्ली?"

"मेकॅनिकल. आणि टीममध्ये टाइट एंड आहे."

"ही कुठली ब्रँच?"

"अहो, तो खेळतो," काकू म्हणाल्या. "बॉल घेऊन पळतो."

"नाही काकू, मी मुख्यतः दुसऱ्यांना ढकलतो."

"ढकलाढकलीची स्कॉलरशिप?" काका म्हणाले. "आमच्या निखिलला सांगू नकोस हं. त्याला घरात सराव आहे."

त्या हॉलमध्ये मी सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असायचो, आणि लॉकर रूममध्ये एकटा सावळा, नाव उच्चारता न येणारा. दोन्हीकडे हसतखेळत वावरायचो. दोन्हीकडून घरी येताना गाडीत गप्प असायचो.

*

चौथ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये सीझनआधीच्या सरावाचा कॅम्प सुरू झाला. कॅम्पच्या पहिल्या दिवशी खांद्यांचे पॅड बसवून घ्यायचे असतात. मिस्टर डॅबनी प्रत्येकाचे पॅड स्वतः बसवत. पॅडचा गळा आणि आपली मान यांमध्ये त्यांची दोन बोटं सहज गेली पाहिजेत, हा त्यांचा नियम. कमी गेली तर मान आवळते, जास्त गेली तर पॅड हलतो.

त्यांनी उजवीकडून बोटं घातली. गेली. डावीकडून घातली आणि हात थांबला.

"हे काय?"

"डास चावलाय."

"डास केवढा होता? आपल्या टीममध्ये घेता येईल का त्याला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. कानाखाली, मानेच्या कडेला, सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. मला ती जूनपासून माहीत होती.

"आज डॉक्टरला दाखव," ते म्हणाले.

"दाखवतो."

दाखवली नाही. आमच्या खेळात दुखणं लपवण्याला हिंमत म्हणतात. बोट मोडलं तर चिकटपट्टी लावून शेजारच्या बोटाला बांधायचं आणि उभं राहायचं. जो दुखापती बघणाऱ्या ट्रेनरकडे फार जातो त्याची जागा मागचा घेतो. माझ्या मागे एक दणकट पोरगा होता, आणि तो रोज माझ्यापेक्षा थोडं जास्त धावत होता.

गाठ कॉलरखाली लपायची. वजन लपत नव्हतं.

प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर आम्हा सगळ्यांना काट्यावर उभं राहावं लागे. कमरेला टॉवेल, पायात काही नाही. एक विद्यार्थी भिंतीवरच्या तक्त्यावर आकडा लिही. उन्हाळ्यात घामावाटे पाणी किती गेलं हे कळावं म्हणून ही पद्धत. मार्चमध्ये मी दोनशे अडतीस पौंड होतो. कॅम्प सुरू झाला तेव्हा दोनशे तेहतीस, दुसऱ्या आठवड्यात दोनशे सव्वीस. भूक नव्हती. सकाळी उशी आणि चादर पिळून काढावी इतकी ओली असायची. मी म्हणायचो, उकाडा आहे.

वजनं उचलायच्या खोलीत लोखंडी चकत्या असतात. मी आधी अडीच पौंडाची एक घेतली. कमरेच्या मागे चिकटपट्टीनं बांधली, वर टॉवेल. नंतर पाचाची. मग दहाची. तक्त्यावर माझा आकडा रोज दोनशे छत्तीस. सगळ्यांची वजनं उन्हात खालीवर होत होती, माझं एकट्याचं जागचं हलत नव्हतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही, याचा मला अभिमान वाटायचा.

*

कॅम्पच्या दुसऱ्या आठवड्यात काट्यावरून उतरलो आणि कोचनं हाक मारली. घाईत मी चकती टॉवेलमध्ये गुंडाळली आणि धुवायच्या कपड्यांच्या ढकलगाडीत खुपसली. नंतर काढू म्हटलं. विसरलो.

इक्विपमेंट रूममागे तीन मोठी धुलाई यंत्रं होती. तासाभरानं तिकडून असा आवाज आला, की कुणी घण घालतंय असं वाटावं. सगळे धावले. मिस्टर डॅबनींनी यंत्र बंद केलं, झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घालून ओले टॉवेल एकेक करून बाहेर काढले. शेवटी चकती निघाली.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा तरी नाश्ता राहिलाय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच.

मिस्टर डॅबनींनी चकतीवरची चिकटपट्टी बघितली. मग भिंतीवरचा वजनाचा तक्ता बघितला, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे.

संध्याकाळी टीमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. गाठ चाचपली. काखेत आणखी दोन सापडल्या. मला काट्यावर उभं केलं, टॉवेलशिवाय. पॅड आणि हेल्मेट आजपासून घालायचं नाही, म्हणाले.

बाहेर आलो तर मिस्टर डॅबनी कॉरिडॉरमध्ये उभे होते. हातात माझं हेल्मेट.

"तुम्ही सांगितलंत," मी म्हणालो.

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तुम्ही कपडे धुता. तेवढंच करा."

हेच ते वाक्य. ते साठीचे होते, मी एकवीसचा. त्यांनी मान हलवली, जणू मी एखादी साधी सूचना केली होती. हेल्मेट काखेत घेतलं आणि निघून गेले.

*

निदानाचा दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. ॲन आर्बरच्या हॉस्पिटलमधली लहान खोली. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. तो डबा तिथे का ठेवलाय हे डॉक्टर बोलायला लागल्यावर कळलं. हॉजकिन्स. एक प्रकारचा कॅन्सर, पण बरा होण्याची चांगली आशा असलेला, असं त्या म्हणाल्या. बाबांना इंग्रजी बऱ्यापैकी यायचं. तरी त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?" मला ते मराठीत सांगता येईना. मी म्हणालो, "बरं होतं, म्हणतायत."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. आणि पार्किंगमध्ये चुकीच्या गाडीला दहा मिनिटं किल्ली लावत राहिले.

आईनं तो शब्द कधीच उच्चारला नाही. ओळखीच्यांना तिनं कावीळ सांगितली. माझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय, उगाच चर्चा नको, असं तिचं म्हणणं. त्यामुळे जोशीकाकूंनी काविळीवरची पथ्यं फोनवर कळवली आणि भेटायला कुणी आलं नाही. काविळीला सगळे जपून असतात. मला तिचा राग आला. पण टॉवेलखाली चकती बांधणारा मी, मी तिला काय बोलणार?

टीममधली मुलं एकदा आली. सहाजण, खोलीत मावेनात. कुणी उशीजवळ सह्या केलेला चेंडू ठेवला. सगळे माझ्या डोक्याच्या वरच्या भिंतीकडे बघून बोलत होते. सीझन सुरू झाल्यावर ती आली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. शनिवारी रेडिओवर सामना ऐकायचो. माझ्या जागी तो दणकट पोरगा खेळत होता. निवेदक त्याचं नाव चटकन उच्चारायचा. माझ्या नावाला तो आधी दम घ्यायचा.

आजार कुठवर पसरलाय ते बघायला पोट उघडून ऑपरेशन केलं, मग औषधं सुरू झाली. दर दुसऱ्या मंगळवारी ॲडमिट व्हायचं, नळीतून औषध, उलट्या, बुधवारी सुट्टी. सप्टेंबरपासून मेपर्यंत. एका वेळापत्रकातून सुटलो आणि दुसऱ्यात अडकलो: सहाला रक्त, सातला वजन, आठला न खाल्लेला नाश्ता. काटा इथेही होताच. पेग मला त्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचायची. दोनशे बारा. एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे ब्याऐंशी.

तुमच्यापैकी कुणी आत्ता अशा खोलीत असेल तर एवढंच सांगतो. भीती मोठ्या प्रश्नांची फारशी वाटत नाही. ती दुपारी तीनला येते, जेव्हा कॉरिडॉर शांत असतो आणि शेजारच्या माणसाकडे भेटायला आलेलं कुणीतरी हसतं. तेव्हा उठून खिडकीपर्यंत चालत जा. मी जायचो. खाली बसस्टॉपवर मुलं बर्फात पाय आपटत उभी असायची. त्यांच्यातला कुणी वर बघत नसे. तरी बरं वाटायचं.

*

पहिल्या मंगळवारी दुपारी झोपून उठलो, तर पायांशी एक टी-शर्ट होता. प्रॅक्टिसला घालतो तसा करडा, धुऊन घडी केलेला, कडेला शाईनं माझा नंबर: ८६. मला वाटलं कॉलेजच्या ऑफिसनं पाठवला. दोन आठवड्यांनी दुसरा आला. मग तिसरा. हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये मी आजारी असायचो, त्या शर्टात निदान कुणीतरी असायचो. एक गोष्ट मात्र फार नंतर लक्षात आली. शर्ट कधी सैल झाला नाही. आधी डबल एक्सएल आले, मग एक्सएल, मग लार्ज.

बाबा दर रविवारी एकटे यायचे. आई यायची ती डबे घेऊन, आणि रडू आलं की डबे धुवायला जायची. बाबा खुर्चीत बसून गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक वाचायचे. जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांना चकतीची आणि मशीनची हकीकत सांगितली आणि धुसफुसलो. म्हणालो, तो कपडे धुणारा माणूस मध्ये पडला नसता तर मी निदान सीझन खेळलो असतो.

बाबांनी पुस्तक मिटलं.

"त्याच्या मशीनचा आवाज कसा येत होता?"

"घण घातल्यासारखा."

"मग त्यानं काय केलं?"

"बंद केलं. उघडून बघितलं."

"तेच करतात," बाबा म्हणाले. "आवाज बदलला की मशीन थांबवायचं. आमच्याकडे पोरं नाही थांबवत. सुपरवायझर ओरडेल म्हणून चालूच ठेवतात. मग स्पिंडल जातो." मग हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाले, "आणि मी पण मशीनवरच काम करतो ना रे."

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. लाज काय असते ते मला त्या दुपारी कळलं. मिस्टर डॅबनींना मी काय बोललो होतो, हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. तरी माझ्या बोलण्यावरून त्यांना ते कळलं होतं.

*

मे महिन्यात शेवटचं औषध झालं. त्या दिवशी मला लार्ज बरोबर बसत होता, आणि शर्ट आला एक्सएल.

"चुकला वाटतं," मी पेगला म्हणालो. "ऑफिसला माझे आभार कळव."

"कुठलं ऑफिस?" पेग म्हणाली. मग तिनं दार लोटून घेतलं. "सांगू नको म्हणाला होता. पण आज शेवटचा दिवस आहे. एक उंच म्हातारा येतो. दर वेळी मला एकच गोष्ट विचारतो, आज वजन किती भरलं. ते वहीत लिहून घेतो. तू झोपलेला असलास तर शर्ट ठेवून जातो. जागा असलास तर माझ्याकडे देतो आणि तू झोपेपर्यंत देऊ नको म्हणतो."

"आत का येत नाही?"

"मीही विचारलं. म्हणाला, त्याला माझं तोंड बघायची इच्छा नसेल."

मंगळवार हा सीझनमधला मिस्टर डॅबनींचा सगळ्यात कामाचा दिवस. त्या दिवशी सगळे पूर्ण पॅड घालून खेळतात आणि कपड्यांचा डोंगर होतो. त्यातून ते पाऊण तास गाडी चालवत येत, पाऊण तास परत जात. आकडा विचारायला. मी ज्यांच्यापासून आकडा लपवला होता, त्यांना तो सबंध हिवाळा कुणी आपणहून सांगितला नव्हता. त्यांना तो मागून घ्यावा लागला.

*

कॉलेजनं माझी स्कॉलरशिप थांबवली नाही. ती थांबणारच नव्हती. गाठ लागली त्या जूनमध्येच विचारलं असतं तर तेव्हाही हेच उत्तर मिळालं असतं.

सप्टेंबरमध्ये मी इक्विपमेंट रूमच्या खिडकीशी गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. मिस्टर डॅबनींनी मला बघितलं, मागे गेले, माझे पॅड घेऊन आले आणि माझ्या खांद्यांवर चढवले. दोन बोटं घातली. मग तिसरं. मग चौथं.

"मोठे झाले," ते म्हणाले.

"हो."

"ठेवून देऊ?"

"ठेवा."

डावीकडे त्यांची बोटं क्षणभर जास्त थांबली. तिथे आता काही नव्हतं. मी तोंड उघडणार एवढ्यात एक नवा मुलगा नाड्या मागायला आला. मग दुसरा मोजे मागायला. मी बाजूला झालो, आणि बाजूला होतच बाहेर पडलो. टाइट एंड म्हणून माझी कारकीर्द तिथे संपली.

पुढच्या मे महिन्यात मला पदवी मिळाली. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा, समारंभाला आलेल्या जोशीकाकूंना खरा आजार सांगितला. काकू तिच्यावर रागावल्या आणि मग तिथेच, हिरवळीवर, दोघी रडल्या. मी मिस्टर डॅबनींना शोधायला गेलो. ते हिवाळ्यातच निवृत्त होऊन जॉर्जियाला बहिणीकडे गेले होते. खिडकीवरच्या नव्या माणसाकडून मी पत्ता घेतला. त्या रात्री लिहिलेलं पत्र इंग्रजीत होतं. इथे माझ्या भाषेत देतो.

*

प्रिय मिस्टर डॅबनी,

मी ८६ नंबर. आज मला पदवी मिळाली. आमच्या घरातली ही पहिली. बाबांनी ती हातात घेण्याआधी हात धुतले.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, डॉक्टरांच्या खोलीबाहेर, मी तुम्हाला म्हणालो होतो की तुम्ही कपडे धुता, तेवढंच करा. तुम्ही ते विसरला असाल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तुम्ही खोलीत आला नाहीत, म्हणजे विसरला नव्हता. मी चुकलो. मला माफ करा. हे मी सप्टेंबरमध्ये खिडकीशी सांगायला आलो होतो. नाड्या मागणाऱ्या मुलामुळे राहिलं असं म्हणणं सोपं आहे, पण मला धीर झाला नाही.

डॉक्टर म्हणतात, गाठ आणखी वाढली असती तर अवघड झालं असतं. ती चकती माझी होती. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हा मी हसलो. तुम्ही मात्र यंत्र थांबवलंत. माझे बाबा लेथवर काम करतात. त्यांना तुमची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, चांगला कारागीर आहे.

सगळे शर्ट माझ्याकडे आहेत. शेवटचा तुम्ही एक साइज मोठा पाठवलात. मला वाटलं चूक झाली. तुमची साइज कधी चुकत नाही हे मला आठवायला हवं होतं. तो आज घातलाय. बरोबर बसतो.

तुमच्या वहीत शेवटचा आकडा पेगनं सांगितलेला असेल. त्याच्याखाली हा लिहा. आज सकाळी आमच्या घरच्या काट्यावर, अनवाणी: दोनशे चार पौंड.

टॉवेलखाली काही नाही.

तुमचा,
८६